खैरूआपाचा स्कोअर

आमच्या शेजारची खैरूआपा कुणाची तब्येत विचारत नाही, स्कोअर विचारते. सकाळी दूध घालायला येणारे आप्पा गाडी स्टँडवर लावतात न लावतात तोच पलीकडून आवाज येतो, "काय आप्पा, स्कोअर काय म्हणतोय?" आप्पांनी जन्मात कर्ज काढलेलं नाही. ते म्हणतात, "चाललंय बरं." एवढ्यावर तिचं समाधान होत नाही. "बरं म्हंजी किती?" असं विचारून ती त्यांना दूध ओतून होईपर्यंत धरून ठेवते आणि एखादं लहानसं कर्ज घेऊन वेळेत फेडायचा सल्ला देते. "कर्ज न्हाई म्हणून मिरवू नका आप्पा. बँक म्हणती, ह्यो माणूस हाय का न्हाई कुणास ठावं!"

यवतला हायवेपासून आत आमची गल्ली आहे आणि आमच्या घराला लागून आपाचं मिरची-मसाल्याचं कांडप. पत्र्याची शेड, आत मशीन, दारात मिरच्यांच्या पिशव्या. मशीन सुरू झालं की आमच्या भिंतीवरचं घड्याळ थरथरतं आणि गल्ली शिंकायला लागते. मी पुण्यातल्या एका ऑफिसचं काम घरून करते. मीटिंगमध्ये मी फारसं बोलत नाही, फक्त शिंकते. ऑफिसमधल्या सगळ्यांना मी कायमची आजारी वाटते. मीही तो समज दूर केलेला नाही, कारण त्यामुळे कुणी जास्त प्रश्न विचारत नाही.

आपा वयाने माझ्या आईएवढी. पण आपा म्हणजे थोरली बहीण, म्हणून सगळी गल्ली तिला अगंतुगं करते. अंगाने बारीक, आवाजाने मोठी. मशीनशेजारी आयुष्य गेल्यामुळे ती कानात सांगायच्या गोष्टीसुद्धा ओरडून सांगते. तिच्या ओढणीला, पैशांना, अगदी तिने दिलेल्या शीरखुर्म्यालासुद्धा तिखटाचा हलका वास असतो. तिने लग्न केलं नाही. आई वारली तेव्हा धाकटी बहीण नसीम पाळण्यात होती. "नस्सू चालायला लागू दे, नस्सू शाळंत जाऊ दे, नस्सूची डिग्री व्हऊ दे, असं म्हणता म्हणता ऱ्हाऊन गेलं," असं ती सांगते, बस चुकल्यासारखं. नसीम आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे.

तर एके दिवशी आपा हातातली मिरची झटकत आमच्या ओट्यावर आली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"सायले, तू इंग्लिश मिडीयमची. ह्ये वाच. ह्यो काय आकडा हाय?"

मी वाचलं. तिचा क्रेडिट स्कोअर, वजा एक.

"वजा?" आपा म्हणाली. "शाळंत मला गणितात भोपळा मिळायचा, पर वजा कुणी दिलं न्हवतं."

इंग्रजी शाळेत गेलं की बँकेपासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत सगळं कळतं, अशी आमच्या गल्लीची पक्की समजूत आहे. मला काही कळत नव्हतं. मी शोधून वाचलं आणि तिला सांगितलं की वजा एक म्हणजे वाईट नाही. तुझी कसलीच नोंद नाही, एवढंच. बँकेला तू माहीतच नाहीस.

"आसं कसं? नस्सूनं दिलेलं कार्ड व्हतं की माझ्याकडं, तिनं माझं नाव काढंस्तवर! मी काय कमी घासलंय? आन् म्हैना संपायच्या आत तिच्या खात्यात पैसे टाकायची मी. एक दिस चुकले न्हाई."

मी तिला समजावलं. कार्ड नसीमचं होतं. त्यावर आपाचं नाव जोडलेलं होतं, म्हणून आपाला एक वेगळं कार्ड मिळालं होतं. पण खातं नसीमचंच. आपाने वेळेवर दिलेला प्रत्येक पैसा नसीमच्या नावापुढे चांगला म्हणून लिहिला गेला. आता नसीमने आपाचं नाव त्यातून काढलं, तेव्हा आपाच्या हातात काही उरलं नाही.

आपाने ओढणीने फोन पुसला. मला वाटलं, आता चिडणार.

"म्हंजी तिचा स्कोअर माझ्यामुळं वाढला?"

"थोडा तरी."

"मग जाऊ दे. घरातच ऱ्हायला की." मग एकदम ओरडली, "पर मला यवतमधलं कुत्रं बी वळखतं आन् बँक म्हणती ही कोण? मला माझ्या नावाचं कार्ड पायजे, सायले. खरं कार्ड. बँकेनं माझ्याकडं बघून दिलेलं."

नसीमने नाव का काढलं, हे मी विचारलं नाही. मला लोकांना 'का' विचारता येत नाही.

त्या दिवसापासून आपाचा नवा धर्म सुरू झाला. बँकेने तिला ठेव ठेवायला लावून त्या ठेवीवर एक कार्ड दिलं. आपा त्याला 'शिकाऊ कार्ड' म्हणते, गाडीच्या शिकाऊ लायसनसारखं. ते नीट वापरलं की स्कोअर तयार होतो आणि मग खरं कार्ड मागता येतं. मी कुठे कुठे वाचून तिला नियम सांगितले, ते तिने पाठ केले. "थोडं घ्यायचं, वेळेत द्यायचं, आन् जुनं खातं बंद करायचं न्हाई." कार्डाच्या मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंतच वापरावं, हेही मी सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"त्याच्या वर गेलं की बँकेला वाटतं, बाई हावरी हाय," असं म्हणत तिने तीस टक्के सगळ्या आयुष्याला लावले. पाहुण्याला चहा दिला तर कप तळाला. माझ्या आईने एकदा वाटीभर साखर मागितली तर वाटीचा तिसरा भाग भरून आला. "अगं आपा, ही काय साखर म्हणायची?" आई म्हणाली. "वहिनी, लिमिट हाय म्हणून समदी वापरायची का?" आपाने विचारलं. आई अजूनही अधूनमधून यावरचं उत्तर शोधत असते.

मग तिने हप्त्यावर मिक्सर घेतला. जिच्या मशीनवर अर्ध्या तालुक्याची चटणी होते, तिने मिक्सर घेतला! का, तर नुसतं कार्ड असून चालत नाही, एखादा हप्ताही फेडून दाखवावा, असं तिला दुकानदाराने सांगितलं. खोकं उघडलंच नाही. त्यावर ती टेबलफॅन ठेवते.

हप्त्याच्या दिवशी मात्र आपा बघण्यासारखी असते. मशीन बंद, इस्त्रीचा जांभळा ड्रेस, अत्तराचा फाया कानात. हप्ता खात्यातून आपोआप जातो. पण आपाला तो डोळ्यादेखत गेलेला लागतो. पहिल्यांदा ती मला बरोबर घेऊन गेली. बँकेतला तरुण अधिकारी नवीन होता.

"गेला का?" आपाने सबंध शाखेला ऐकू जाईल असं विचारलं.

"मावशी, हप्ता आपोआप जातो. तुम्ही यायची गरज नाही."

"आपोआप म्हंजी कोण नेतं?"

"सिस्टीम."

"मग शिष्टीमला इचार, नेला का."

त्याने बघितलं. म्हणाला, गेला. आपा समाधानाने उठली, त्याला मूठभर खडीसाखर दिली आणि जाता जाता विचारलं, "तुझा सोताचा स्कोअर किती रं?" तो लाल झाला. बाहेर आल्यावर आपा मला म्हणाली, "कमी आसनार. दुसऱ्याचं बघता बघता सोताचं ऱ्हातं."

तिच्या या छंदाचा मला एकदा फार उपयोग झाला. भांडगावचं स्थळ मला बघायला आलं होतं. मुलगा, त्याचे वडील, आत्या. मी पोह्यांच्या बशीकडे बघत होते. मुलगा मला आवडला नव्हता. पण मला ते चारचौघांत सोडाच, घरातसुद्धा सांगता आलं नसतं. मुलाच्या वडिलांचं घर, बागायत, विहीर सगळं सांगून झालं. आईने मदतीला बोलावलेली आपा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"समदं झ्याक हाय," आपा म्हणाली. "पोराचा स्कोअर किती?"

आईने तिला डोळ्यांनी खूप काही सांगितलं. आपा डोळ्यांचं वाचत नाही.

"कसला स्कोअर?" वडील म्हणाले.

मुलाला मात्र कळलं होतं. त्याने कॉलर सैल केली. "थोडा कमी आहे सध्या. गाडीचे हप्ते जरा मागंपुढं झाले."

"मागंपुढं?" वडील बशी खाली ठेवून म्हणाले. "दर म्हैन्याला हप्त्याचं पैसं माझ्याकडनं नेतोस की रं!"

"आबा, घरी बोलू."

"घरी कशाला? हितंच बोल. गेलं कुठं पैसं?"

आत्या मध्ये पडल्या, वडील उठले, मुलगा त्यांच्या मागे गेला. पोहे तसेच राहिले. आई आठवडाभर आपाशी बोलली नाही. फक्त मसाला तेवढा तिच्याकडूनच दळून आणत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काम संपवून तिच्या शेडमध्ये गेले आणि न सांगता मिरच्यांची देठं काढायला बसले. मग तो रिवाजच झाला. दुपारी मशीन थंड करायला ती थोडा वेळ बंद ठेवते, तेव्हा आम्ही देठं काढतो. मी बोलत नाही आणि ती थांबत नाही. आमचं जमतं.

अशाच एका दुपारी तिने आपण होऊन सांगितलं. स्कोअर तेव्हा वजाच्या बराच वर आला होता आणि मी तिला फोनवर तो दाखवत होते. आकडा बघून ती हसली, मग म्हणाली, "नस्सूला पाठवू का गं ह्ये?"

"पाठव की."

"नको. ती म्हणंल, बरं झालं. म्हंजी झालं बोलणं."

मग म्हणाली, "ते कार्ड व्हतं तवा बरं व्हतं बग. मी कुठं बी घासलं की तिच्या फोनवर मेसेज जायचा. लगीच फोन यायचा. 'आपा, ये क्या लिया?' मी म्हणायची, पोतं शिवायची सुई. 'सुई के लिये कार्ड?' आशी वरडायची माझ्यावर! मग वरडता वरडता इचारायची, जेवलीस का. मग मी इचारायची. मग चालायचं घटकाभर."

मी देठं काढत राहिले.

"मग मला नादच लागला. दौंडला बाजारला गेले की साबण येगळा, तेल येगळं, सुतळी येगळी. एकदम कशाला घ्यायचं? एकदम घेतलं की एकच फोन." ती हसली. "दुकानदार म्हणायचा, मावशी, एकत्र बिल करू का? मी म्हणायची, तुला काय त्रास हाय?"

आणि मग एकदा नसीम तिच्या साहेबांपुढे काहीतरी मोठं सादर करत होती. टेबलावरचा फोन सारखा थरथरायला लागला. दौंडमध्ये खरेदी, पुन्हा दौंडमध्ये खरेदी. तिला वाटलं, कार्ड चोरीला गेलं. ती सगळं अर्धवट टाकून बाहेर पळाली आणि कार्ड बंद केलं. नंतर कळलं की आपा चाळणी, बादली आणि झाडू घेत होती.

"लई चिडली. आन् का चिडू न्हाई? तिची नोकरी जाती तर? म्हणाली, आपा, तुला पैशे पाठवत जाईन, पर कार्ड नको. नाव काढलं माझं." आपाने हातातली मिरची उगाच उलटसुलट केली. "मला पैशे कुठं पायजे व्हते? माझ्याकडं हायेत की."

"तू फोन करत जा ना तिला," मी म्हणाले. मी हे सांगणं म्हणजे गंमतच होती. घरात असून मी भावाला मेसेज करते.

"करते की. ती म्हणती, बोल आपा, काय काम काढलं? काम काय आसनार? मग मी म्हणते, काय न्हाई, आसंच. ती म्हणती, बरं. आपण केलेला फोन येगळा गं, सायले. आन् आलेला येगळा."

मग तिने मला तिचा बेत सांगितला. खरं कार्ड मिळालं की त्यावर नसीमचं नाव जोडायचं. जसं नसीमने तिचं जोडलं होतं तसं. शिकाऊ कार्डावर दुसऱ्याचं नाव जोडू देत नाहीत, हे तिने बँकेत आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणून एवढा खटाटोप.

"मग तिनं घासलं की मला कळंल. कुठं चा पिली, कुठं गेली. मी काय बोलनार न्हाई. नुसतं कळंल."

ऑफिसमधल्या माणसासारखा मला फक्त अडथळा दिसला. "आपा, तिच्याकडे स्वतःची कार्डं असतील. ती तुझं कशाला वापरेल?"

आपाने उठून मशीन चालू केलं. त्या आवाजात पुढे बोलता येत नव्हतं.

खरं कार्ड उन्हाळ्यात आलं, ऐन मसाल्याच्या दिवसांत. पाकिटावर तिचं पूर्ण नाव होतं. ते नाव गल्लीत कुणी कधी वापरत नाही. पोस्टमनने तीन दारं विचारली. आपाने कार्डावरच्या नावावरून अंगठा फिरवला आणि बँकेला सांगून टाकलं, नाव जोडायचंय. त्यासाठी नसीमची सही आणि कागद लागणार होते. म्हणजे तिला विचारावं लागणार होतं.

तो फोन आपाने माझ्यासमोर केला. मला वाटतं, एकटीला धीर नव्हता.

"बोल आपा," पलीकडून आवाज आला. आपाचा फोन कायम स्पीकरवर असतो. "काय काम काढलं?"

"काम हाय," आपा म्हणाली. तेवढं म्हणताना तिचा चेहरा उजळला. मग तिने कार्डाचं सांगितलं.

"आपा, तुला कार्ड मिळालं? तुझ्या नावावर?"

"व्हय. माझ्याकडं बघून दिलं."

"अच्छा." मग, "पर मला कशाला? माझ्याकडं हायेत की."

मी जमिनीकडे बघितलं.

"आसू दे," आपा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हळू बोलताना ऐकलं. "पर्समधी आसू दे. अडीनडीला. जड न्हाई त्ये."

"बरं. पाठव कागद," नसीम म्हणाली आणि फोन ठेवला.

कार्ड पुण्याला गेलं. आपाने फोन शेडमध्ये खिळ्याला टांगलेल्या पिशवीत ठेवायचा सोडून दिला आणि कमरेला खोचायला लागली. मेसेज आला की मशीन बंद करून, हात पुसून माझ्याकडे यायची. विजेचं बिल. रिचार्ज संपतोय. लॉटरी लागली. पावसाळा संपला, कांडपाला येणाऱ्या पिशव्या कमी झाल्या. आपा येणाऱ्याजाणाऱ्याला स्कोअर विचारत होती, जांभळा ड्रेस घालून बँकेत जात होती. नसीमबद्दल मात्र बोलत नव्हती.

परवा दुपारी आम्ही देठं काढत बसलो होतो तेव्हा तिचा फोन वाजला. तिने बघितला, आणि बघतच राहिली. मग माझ्याकडे दिला.

जोडलेल्या कार्डावर खरेदी झाली होती. पुण्यातलं एक औषधांचं दुकान. रक्कम लहान होती.

"नस्सू," आपा म्हणाली.

"हो."

"काय घेतलं?"

"ते लिहीत नाहीत, आपा. फक्त दुकानाचं नाव."

"औषधाचं दुकान हाय म्हंजी काय तरी व्हतंय." तिने फोन परत घेतला. नसीमचा नंबर काढला, बटणावर अंगठा नेला. तसाच ठेवला. "लहानपणी तिचं डोकं लई दुखायचं. मी खोबरेल लावायची." अंगठा बाजूला घेतला. "न्हाई. मी इचारलं तर म्हणंल, पाळत ठेवती. परत वापरनार न्हाई."

"साबणसुद्धा मिळतो औषधाच्या दुकानात," मी म्हणाले.

"व्हय. साबण बी आसंल." तिने फोन मांडीवर ठेवला. "तिला ठावं आसंल ना, मला मेसेज येतो त्ये?"

"माहीत असेल."

आम्ही कामाला लागलो. पण देठं निघत नव्हती, नुसत्या मिरच्या इकडच्या तिकडे होत होत्या. तेवढ्यात भांडगावकडची एक बाई डोक्यावरची पिशवी उतरवत दारात आली.

"आपा, चार किलो हाय. आत्ता देशील का? माझी यस्टी हाय पाचची."

आपा जागची हलली नाही. "लाइट न्हाई," ती म्हणाली.

बाईने वर बघितलं. आमच्या डोक्यावर पंखा चांगला जोरात फिरत होता. शेजारी मिक्सरच्या खोक्यावर टेबलफॅनही मान हलवत होता. बाईने पंख्याकडे बघितलं, आपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

अनोळखी माणसाने असं बघितलं की मी नेहमी खाली बघते.

"थ्री फेज नाहीये," मी म्हणाले. "घरची लाइट आहे, मशीनची नाही. सकाळपर्यंत येईल असं दिसत नाही."

"आत्ता गं बया," बाई म्हणाली. तिने पिशवी सावलीत ढकलली, सकाळी येते म्हणाली आणि गेली.

शेड एकदम शांत झाली. हायवेवरच्या ट्रकचा आवाज येत होता, तेवढाच. आपाने मांडीवरचा फोन उचलून आमच्या दोघींच्या मधे, मिरच्यांच्या ढिगाशेजारी ठेवला.

"सायले," ती म्हणाली, "आवाज मोठा हाय का बघ गं त्याचा."

मोठाच होता. तरी मी पुन्हा बघितला.